तुझ्या काळ्या मातीत आपला मुरूम

माझ्या भांडखोर आत्या,

भाजी लावायची म्हणून परसातली पहिली शहाबादी फरशी पहारीनं उचलली, त्या घटकेला माझं सगळं बदललं. तू असतीस तर उचलू दिली असतीस का? शक्यच नाही! आज लिहितोय कारण थोड्या वेळानं मला शेजारी शुभांगीच्या घरी जायचंय, आणि तुला सांगितल्याशिवाय पाय निघत नाही.

तिथं मागच्या खेपेला काय झालं, आठवतं ना? ठेवणीतलं लुगडं नेसून तू माझ्यासाठी तिला मागायला आली होतीस. तिच्या वडिलांनी, दादांनी, एवढंच विचारलं, "कॉलेज अर्ध्यात सोडलं. पोरानं पुरं असं काय केलंय?" माझं डोकं सटकलं. चहाचा भरला कप तसाच ठेवून, दार आपटून मी निघून आलो. तू मात्र बसून राहिलीस. माझा चहासुद्धा तूच प्यायलीस म्हणे! घरी आलीस आणि म्हणालीस, "त्या पोरीला खायला काय घालशील रं? राग?"

आणि मला उत्तर द्यायला वेळ न देता त्याच थंडीत गेलीस. असं कुणी जातं का गं?

तर ऐक आता उत्तर.

फरशीखाली निघाला मुरूम. पहार मारली की ठणकन उसळून परत यायची, हाताला झिणझिण्या. मी पेटून अजून जोरात मारायचो. शुभांगी भिंतीपलीकडून बघत होती. म्हणाली, "जमिनीशी भांडून झालं असंल तर वर चढ की. खालीच जायला पायजे असं कुठंय?"

मग त्याच फरशा आडव्याच्या उभ्या केल्या. चर पाडून रोवल्या, कोपरे सिमेंटनं सांधले. गुडघाभर उंचीचे चार वाफे! माती कुठली आणायची, हा प्रश्नच नव्हता. जन्मभर तुझ्या सासरचं, करमाडचं कौतुक ऐकलेलं. आमच्या रानात काठी रोवली तरी पालवी फुटंल, म्हणायचीस. टेम्पोभर काळी माती आणली आणि काठोकाठ तीच भरली.

फसवलंस आत्या! पाणी घातलं की नुसता चिखल, ऊन पडलं की भेगा. पालक पिवळा पडून बसला. त्या दिवशी वाफ्याच्या काठावर बसून मी तुला काय काय बोललो, ते लिहीत नाही.

पण एका कोपऱ्यात हातभर पालक हिरवागार उभा होता. तिथंच का? मग आठवलं. माती भरताना कशावरून तरी चिडून मी मुरमाचं घमेलं लाथाडलं होतं. ते त्या कोपऱ्यात सांडलं, मातीत मिसळलं, आणि तेवढ्याच जागेत पाणी खाली झिरपत होतं!

उरलेला मुरूम चाळून सगळ्या वाफ्यांत कालवला. वर शेणखत, कडुनिंबाचा पाला. आपला नळ आठवड्यानं येतो, म्हणून तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी जपून वापरलं. आणि आता येऊन बघ! मेथी, पालक, काटेरी वांगी, भिंतीवर चढलेला दोडका. गल्लीतल्या बाया पिशवी घेऊन येतात. राग खायला घालतोय आत्या, अख्ख्या गल्लीला!

काल संध्याकाळी दादा स्वतः आले. वाफ्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती दाबून बघितली, वास घेतला. मी गप्प उभा होतो. मी, गप्प! जाताना म्हणाले, "हे पुरं केलंस. उद्या ये. या खेपेला चहा पिऊन जा."

मागणीला घरचं मोठं माणूस लागतं ना? तू तर नाहीस. म्हणून तुझ्या मातीतली मेथी आणि वांगी टोपलीत घेतलीत. माझ्याकडून बोलणारं मोठं माणूस तेच.

दादा नाही म्हणाले, तरी कप रिकामा करून, नमस्कार करूनच उठेन, हा शब्द देतो. पण नाही म्हणणार नाहीत. शुभांगीनं सकाळीच भिंतीवरून सांगितलंय, घरात वांग्याची भाजी करायची ठरलीय, आणि वांगी कुणी आणलेली नाहीत!

चल, निघतो. टोपली डाव्या हातात घेतलीय. उजवा हात दारासाठी मोकळा ठेवलाय. बघ, ओढून घेतोय. कडीसुद्धा वाजणार नाही.

तुझाच,
तापट भाचा