उशाशी वाजणारी चुटकी

रहिमतपूर, ५ ऑगस्ट १९९६

आज कामावर रुजू झालो. ऑपरेशन थिएटरात मदतनीस. दवाखान्यामागं खोली, खिडकीतून आल्याचं शेत, दवाखान्यातल्या आयाच्या, मनुमावशीच्या हातचा चहा. लय दिवसांनी बरं वाटलं. सरांच्या अंगावर धावून गेलो तेव्हाच कॉलेज सुटलं, आता ती पायरी चढणार नाही. मामाला वाटतं मी नोकरीसाठी आलो. खरं तर आमच्या कुंडलच्या अक्षताचं सासर इथंच आहे. दिवस भरत आलेत तिचे. नवरा फौजेत. एकदा नुसती दिसली तरी पुरे.

९ ऑगस्ट

भुलीचे डॉक्टर साताऱ्याहून येतात. पाठीत सुई दिली की कमरेखालचं अंग बधिर होतं आणि कधी कधी रक्ताचं प्रेशर पडतं. मी उशाशी बसून पेशंटला बोलतं ठेवायचं. जांभई आली, मळमळलं, की लगेच सांगायचं. मग सलाईन जोरात, पाय वर, नाहीतर इंजेक्शन. आज एका बाईला जांभई आली, तशी मावशीनं तिच्या तोंडापुढं चुटकी वाजवली. मला हसू फुटलं. मावशी म्हणाली, "हस की लेका. उघड्या तोंडातनं काय आत जातंय, तुला दिसतंय व्हय?"

१४ ऑगस्ट

दादासो पैलवानाचं हर्नियाचं ऑपरेशन. कुस्तीच्या गप्पा रंगल्या होत्या. मधेच चुटकी वाजली, आणि मग त्याला जांभई आली. आधी चुटकी. प्रेशर पार तळाला गेलं, डॉक्टरांनी कसंबसं वर आणलं. माझं डोकं फिरलं. मावशीवर ओरडायला बाहेर आलो, तर ती मागं नळावर चादरी धूत होती. आत आलीच नव्हती.

१७ ऑगस्ट

पुन्हा चुटकी, अंजनाबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी. माझ्या कानामागून. बाकी कुणाला ऐकू आलं नाही. सलाईन, इंजेक्शन, पाय वर, सगळं केलं. अंजनाबाई गेल्या. मावशीला सांगितलं तेव्हा तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "म्या वाजवती ते हाकलाया. ते वाजवतंय बोलवाया." ते म्हणजे कोण, विचारलं तर बादली उचलून चालू लागली.

२० ऑगस्ट

अक्षताला आणलंय. बाळ आडवं आहे, सिझरच करणार. मला बघून म्हणाली, "तू हाईस न्हवं आत? मग न्हाई भ्यायची मी."

डॉक्टरांना म्हणालो, पाठीत सुई नको. ते म्हणाले, ती जेवून आलीय, पूर्ण भूल जास्त धोक्याची. मी त्यांचा हातच धरला. मला बाहेर काढलं.

थिएटरबाहेर

काचेतून दिसतंय. सुई दिली. कुशीखाली चादरीची गुंडाळी, सलाईन चालू. सिस्टरशी बोलतेय ती—

चुटकी.

तिचं तोंड उघडतंय— सिस्टर बघत का नाही— काच बडवली. डॉक्टर वळले. इंजेक्शन भरतायत— डोळे मिटले तिनं—

तिला सोड. मी हाय की हितं. माझ्याकडं ये. तिला सोड, तिला—

बाळ रडलं.

डोळे उघडले तिनं. सिस्टर हसतेय, मान हलवतेय. प्रेशर चढलं. वाचली. अक्षता वाच—

चुटकी. दाराच्या अलीकडं. माझ्या मागं.

मावशीला हाक— तोंड मिटत नाही— हातानं दाबलं तरी उघड—