कस्तुराबाई कोणाची कोण?

तीर्थरूप आबासाहेबदादा यांच्या पायांवर सेलूहून धाकट्या चुलतभावाचं, किशनरावचं, डोकं. आम्ही सगळे खुशाल (माझा गुडघा सोडून). तुमचा खोकला कसा आहे? वहिनींना नमस्कार सांगावा.

लिहायचं कारण व्यंकटी. हा इथल्या कापसाच्या जिनात पोती उचलणारा किरिस्ताव. बायको केशरबाई, खोली एक, आणि त्या खोलीत थंडी पडल्यापासून एक म्हातारी! जिनाच्या भिंतीशी पोतं पांघरून पडायची. तिला ह्यांनी आत निजवलं आणि आपण नवरा-बायको दारापुढं उघड्यावर झोपायला लागले. (यंदा दोन गोधड्यांखालीही माझे दात वाजतात.) कारणाशिवाय कोणी असं करतं का? तुम्ही मला ओळखता. एखादी गोष्ट कळली नाही की मला अन्न गोड लागत नाही.

विचारलं, "ही कोन लागती रं तुझी?" म्हणाला, "कोन्नीच न्हाई, मालक. प्रभू म्हनतो, बेघराला आत घ्या. आमाला खोली हाय, म्हून घेतली." आणि पोतं उचलून चालता झाला. मला काही पटलं नाही. तहकीकात सुरू केली. आधी वाटलं, म्हातारीजवळ दागिने असणार. गाठोडं काठीनं चाचपलं, तर फुटकी वाटी वाजली. मग वाटलं, पाद्रीसाहेब ह्यांना काही देत असणार. त्यांना गाठलं, तर त्यांना म्हातारी ठाऊकच नव्हती. उलट माझ्याकडून पत्ता घेऊन ते आपलं घोंगडं तिला देऊन आले. म्हणजे माझ्या चौकशीपायी पाद्री गारठला. राहिलं नातं. सासू नाहीतर मावशी, काहीतरी असणारच!

म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसू लागलो (घरी मारुतीला जातो म्हणून सांगतो). म्हातारीचं नाव कस्तुराबाई. आता उठून चुलीपुढं बसते, भाकऱ्या थापते. परवा शेवटची भाकरी तव्यावर टाकण्याआधी तिनं मधोमध अंगठा दाबला. दादा, ही आपल्या आजीनं घालून दिलेली रीत! अंगठ्याची भाकरी दारात येईल त्याची. आपल्या घराबाहेर ही खूण मी कुठंच पाहिली नाही. विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, "सासरी." सासर कुठलं, तेही तिनं सांगितलं, आणि माझी तहकीकात संपली. बाकी ज्वारी बरी आहे.

आपला,
किशनराव

ता. क. सासर पिंगळी. घर आपलं. ती तुमच्या वडिलांची पहिली बायको. मूल होईना म्हणून काकांनी चुडाव्याला माहेरी नेऊन सोडली आणि परत आणलीच नाही. भाऊ वारले, भावजयांनी बाहेर काढलं. म्हणजे ती तुमची थोरली आई. व्यंकटीची खरंच कोणी लागत नाही.

आणखी एक. मी म्हणालो, "पिंगळीला चल, आबासाहेबांचं घर लय मोठं हाय." ती हसली. "आता कशाला? ही दोघं मला आई म्हनतेत. हितंच बरी हाय." दादा, मला फार लाज वाटली. व्यंकटी खोलीला लागून छपरी घालायलाय, पण लाकूड नाही. तुम्ही गोठ्यासाठी ठेवलेले बाभळीचे वासे लवकर पाठवा. कोणाचे ते सांगू नका, नाहीतर ती घेऊ द्यायची नाही.

आणि गाडी स्वतः हाकत आणलीत, तर दिवेलागणीला पोचा. अंगठ्याची भाकरी सध्या मीच खातो (हे घरी कळता कामा नये). त्या दिवशी तुमच्यासाठी ठेवीन.