मधल्या दिवसांत धर्मा तांडेल हयात होते, याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मासळी मंडई देखरेख कार्यालय,
नवी मुंबई.

विषय : अर्जदाराचे पती हयात असताना त्यांना मयत दाखविल्याची नोंद दुरुस्त करून मृत्यूची खरी तारीख लावण्याबाबत.

संदर्भ : १) दि. ८ जानेवारी २०२५ ची ओटाधारक पडताळणी. २) आपली 'अनोळखी पुरुषा'बाबतची नोटीस.

अर्जदार : श्रीमती चंद्राबाई धर्मा तांडेल, रा. करावे गाव.

महोदय,

१. अर्जदार बाईंना सहीपुरते लिहिता येते. सबब हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून त्यांचा पुतण्या मितेश, जो तुर्भ्याच्या एका गोदामात पत्रव्यवहार पाहतो, याने लिहिला आहे. सांगण्याबाहेरचे काही आले असल्यास दोष लिहिणाऱ्याचा समजावा.

२. अर्जदार मंडईत सासूच्या काळापासूनच्या ओट्यावर मासळी विकतात. जानेवारीच्या सुरुवातीस बर्फाच्या पाण्यावरून पाय घसरून त्यांच्या डाव्या मनगटास बारीक चीर गेली. दुखापत किरकोळ आहे असे डॉक्टर म्हणाले, व ते खरेच होते. प्लास्टर घालण्यापूर्वी हात सुजल्याने नर्सबाईंनी हातातील हिरव्या बांगड्या कापडात धरून वाढवल्या. तुकडे टाकू न देता अर्जदारांनी ते कागदात बांधून घरी आणले.

३. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आमच्याकडील जुन्या कोळणी बांगड्या फक्त डाव्या हातात भरतात. उजव्या हातातल्या लग्नाच्या दिवशी पाण्याला दिलेल्या असतात, त्याने धनी सांभाळावा म्हणून. त्यामुळे डावा हात रिकामा झाला की दोन्ही रिकामे.

४. दि. ८ रोजी आपले कर्मचारी पडताळणीस आले. अर्जदारांचे मंगळसूत्र हात अडकवलेल्या झोळीखाली होते, कुंकू ओल्या हाताने पुसले गेले होते. कर्मचारी सभ्य गृहस्थ असल्याने त्यांनी मोकळ्या हातांकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि काही न विचारता 'विधवा' असे लिहून पतीच्या नावामागे 'कै.' लावले. विचारले असते तर बाईंनी चार शब्द सुनावले असते व आपणास हा अर्ज वाचावा लागला नसता.

५. त्या वेळी कै. धर्मा तांडेल घरी डब्याचे झाकण उघडत होते. या गृहस्थांनी उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता. मात्र एका हाताने बाईमाणसाचे काय काय अडते हे त्यांनी त्या दिवसांत पाहिले. एका हाताने लुगडे नेसता येत नाही, कपडे पिळता येत नाहीत, विळीवर मासळी धरता येत नाही. पिळताना एक टोक अर्जदार धरीत, दुसरे ते फिरवीत. रोज सकाळी अर्जदारांना पायरीवर बसवून ते वेणी घालू लागले. पहिली वेणी सुंभासारखी झाली. अर्जदार हसल्या, तर म्हणाले, "जालं इनता येतं, मंग वेनी का नाय येनार?" पुढे पुढे चांगली येऊ लागली.

६. नंतर ते ओट्यावरही विळी घेऊन बसू लागले. बाजारात पुरुष विळीवर बसत नाही. शेजारच्या ओट्यावरील जाईबाई त्यांना 'धर्माबाय' म्हणून चिडवीत. तेच कर्मचारी पुन्हा आले तेव्हा त्यांनी हे पाहिले, आणि संदर्भ २ ची नोटीस आली : परवानाधारक विधवेने ओट्यावर अनोळखी पुरुष बसविल्याबद्दल खुलासा करावा. नोंद चुकल्याचे घरात त्या वेळी कळले. पती पोट धरून हसले. "मेलेला मानूस पापलेट कापतंय का?" असे म्हणून त्यांनी सोमवारी आपल्या कार्यालयात येण्यासाठी सदरा इस्त्रीला दिला.

७. शनिवार दि. १ फेब्रुवारी रोजी सकाळी खाडीवरून येऊन त्यांनी जाळे दारात ठेवले, पायरीवर टेकले, ते उठले नाहीत. त्या दिवशी वेणी व्हायची होती.

८. रीतीप्रमाणे बायका बांगड्या फोडण्यास जमल्या. फोडायला बांगडी नव्हती. फोडण्यापुरत्या नव्या भरूया असे एकीने सुचविले, परंतु डाव्या हाताला प्लास्टर, आणि उजवा हात पाण्याचा. शेवटी जाईबाईंनी कागदातले जुने तुकडे शोधून मयताबरोबर दिले. अर्जदार प्लास्टरकडे पाहत बसून होत्या. त्या रडल्या नाहीत. अजूनही रडलेल्या नाहीत, हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिले आहे, कारण त्याला त्याची भीती वाटते.

९. प्लास्टर निघाले. हात बरा आहे. रबरी चेंडू दाबायला सांगितला आहे, तो दाबतात. ओट्यावर बसतात, मासळी कापतात. केस मात्र तसेच गुंडाळून ठेवतात.

१०. नोंदीसाठी कार्यालयात गेले असता खिडकीवरून सांगण्यात आले, "मावशी, आता तर नोंद बरोबरच झाली ना. कशाला टेन्शन घेता?" तसेच अनोळखी पुरुष आता ओट्यावर बसत नसल्याने नोटीसही निकाली काढल्याचे कळविण्यात आले. याबद्दल अर्जदार आभारी आहेत.

११. तरी विनंती की, 'विधवा' ही नोंद दि. १ फेब्रुवारीपासून धरावी, आणि नोटिशीतील 'अनोळखी पुरुष' हे शब्द खोडून तेथे 'पती' असे लिहावे. यातून अर्जदारांना कोणताही लाभ नको आहे. एवढ्याशा दुरुस्तीने काय होणार, असे लिहिणाऱ्यानेही त्यांना विचारले होते. त्यांनी दिलेले उत्तर बदल न करता खाली देत आहे :

"तवा त्यो मेला व्हता, तं माजी वेनी कोनी घातली?"

आपली नम्र व ओट्यावर नियमित बसणारी,

(सही)
चंद्राबाई धर्मा तांडेल
करावे, दि. १० मार्च २०२५

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) नोटिशीची प्रत.
३) छायाचित्र, जाईबाईंच्या नातीने पायरीवर काढलेले. मागे बसून, दातात रिबीन धरलेले ते अर्जदारांचे पती. काम झाल्यावर परत मिळावे. अर्जदारांच्या हातात बांगड्या नसलेले, आणि तरी त्या हसत असलेले, हे एकच आहे.