उंदराचं काळीज

लालबाग, १९९६

धोंडू, तुझा मुलगा रामचंद्र माझ्या नातीला खाटीक म्हणतो आणि तू ते मला कळवतोस? बरं, आता थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे.

होय, गुणवंती प्रयोगशाळेत उंदराची मान मोडते, धडधडतं काळीज कापून काढते. आपण लहानपणी मुशी मासळी जिवंत कापली नाही का? मशीनच्या पडद्यावर तिने मला काळजाची एक पेशी दाखवली. आत कॅल्शियमची लाट चमकत जाते, पेशी आकसते. बिघडलेल्या पेशीत लाटा कुठूनही उठतात, एकमेकींवर आपटतात, पेशी तडफडते.

ब्याऐंशीच्या संपात कामावर गेले म्हणून गिरणीच्या फाटकाशी छातीवर काठी बसली, तेव्हा तुझे भावोजी असेच तडफडून गेले. पोरगी त्यावर औषध शोधतेय.

तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत?

उत्तर तू लिहू नकोस. ती काठी रामचंद्राच्या हातात होती, त्यानेच लिहायचं.