मागच्या गेटातून

११ ऑगस्ट २००३, सोमवार
आज तीन कंपन्या, तीन नकार. पहिलीकडे वॉचमननेच परतवलं. "वर्गणी नंतर." फाईल उघडून दाखवली तरी त्याची खात्री पटेना. दुसरीकडे एचआरचा पोरगा, माझ्या भाच्याच्या वयाचा. सगळा वेळ माझ्या पोलिओच्या पायातल्या कॅलिपरकडे बघत बोलत होता. "सर, आमच्याकडे जिने खूप आहेत." म्हटलं, बाबा, नोकरी मला नको आहे. ज्यांना हवी आहे त्यांचे पाय तुझ्यासारखेच धड आहेत, फक्त ऐकू येत नाही. तर म्हणाला, मेल करा. तिसरीकडचे साहेब मीटिंगमध्ये. दोन तास मीटिंगमध्येच.
आमच्या मूकबधिरांच्या संस्थेच्या खोलीवर परत. नोकरीसाठी नोंदणीच्या वहीत एकेचाळीस नावं. कामाला लागलेला एक, तोही चुलत्याच्या किराणा दुकानात.
रेखा म्हणाली, "तुम्ही मागायला गेल्यासारखं तोंड करता." बायकोला सगळं कळतं. उपाय तेवढा विचारू नये.

१४ ऑगस्ट, गुरुवार
शिक्रापूरच्या पुढे देशमाने साहेबांचं प्रेस शॉप. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढतात. मालक स्वतः भेटले. चहा, वर बिस्किटं. एवढ्यानेच इतकं बरं वाटलं की बोलत सुटलो. मूकबधिर माणसं मन लावून काम करतात, मशीनच्या आवाजाने वैतागत नाहीत, गप्पा नाहीत, तंबाखूला उठणं नाही, आणि साहेब, युनियन तर मुळीच करत नाहीत! हे शेवटचं मी सगळीकडे गंमत म्हणून टाकतो. मालक हसतात, खुर्चीत जरा सैल बसतात.
देशमाने हसले नाहीत. म्हणाले, "तीन पाठवा."
एसटीत उभ्याने आलो, पाय दुखला नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
तिघी रुजू. केडगावची सुनंदा, वय बावीस, आणि दौंडच्या दोघी. सुनंदा मूकबधिर शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, लिहिता-वाचता येतं. बरोबर तिचे वडील आप्पा, टोपी हातात घेऊन गेटाशी उभे. "भास्करराव, पोरगी येक दिस घराभाईर ऱ्हायली न्हाई. मागनं गाडी आली तर कळायचं न्हाई तिला. तुमच्या शब्दावर सोडतोय." दिला शब्द. मोठ्या रुबाबात दिला.
शिक्रापुरात तिघींना खोली बघितली आहे, दिलीपच्या शेजारी. दिलीप आणि त्याची बायको शोभा दोघं त्याच कंपनीत. शोभा काम शिकवणार म्हणाली. दिलीप म्हणजे मला पाठुंगळीला घेऊन शाळेत नेणारा दिलीप. जयंतीच्या कमिटीत आम्ही अजून बरोबर असतो. आता युनियनचा पुढारी झालाय, पण माझ्याशी तसा वागत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार
भोंगा तिघींना ऐकू येत नाही. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी मशीनवरच. देशमान्यांना सांगून प्रेसच्या वर लाल बल्ब बसवून घेतला. भोंगा झाला की पेटतो. लगेच बसवला त्यांनी, कटकट नाही. असा माणूस पाहिला नाही.
सुनंदाने सगळ्यांना खुणेची नावं ठेवलीत. शोभा म्हणजे नाकातली चमकी. देशमाने म्हणजे चष्मा. मी म्हणजे गुडघ्यावर थाप. राग यायला हवा होता, आला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
केडगावला गेलो. आप्पा सोडायला स्टेशनपर्यंत आले. वाटेत म्हणाले, "गावात आता मुकी म्हणत न्हाईत. सुनंदा कामाला गेली म्हणत्यात. बावीस वर्सांत पैल्यांदा नावानं बोलत्यात बगा."  
सगळी पायपीट वसूल झाली.

६ ऑक्टोबर, सोमवार
देशमान्यांचा फोन. "आणखी दहा जण द्या. उद्याच." दहा! रेखाला दोनदा सांगितलं. दुपारपर्यंत शिरूर, दौंड, पाटस, मिळेल त्या नंबरावर निरोप. एकाच्या घरी पूजा होती, ती टाकून निघाला.
उद्याच का, ते विचारलं नाही. मोठी ऑर्डर असेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दहाही जण पोचवले. कंपनीचा टेम्पो आला होता, मागे ताडपत्री सोडलेली. ड्रायव्हर म्हणाला, पुढं रस्त्याचं काम चाललंय, मागच्या गेटनं जाऊ. मागच्या गेटातून गेलो. देशमान्यांनी दहाही जणांशी हात मिळवला. सुनंदाने नव्यांना बल्ब दाखवला, जणू तिच्याच मालकीचा.
बाकीच्या मशीनवर माणसं दिसली नाहीत. म्हणाले, पाळी बदलतेय. तेराही जणांना कंपनीने लांबच्या गावात खोल्या दिल्यात, रोज टेम्पोने ने-आण; तिघींचं सामानही कालच तिकडे हलवलं.

८ ऑक्टोबर, बुधवार
दिलीप घरी आला. पाणी घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत आला नाही.
"भास्कर, आमचा संप हाय. सोमवारपासनं. सात-सात वर्सं कंत्राटावर राबलो, कायम करा म्हणून बसलोय रस्त्यावर. आन् तू आमच्या जागी माणसं भरलीस?"
मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.
"म्हाइत नव्हतं? टेम्पोत तू पुढं बसला व्हतास. शोभानं बगितलं."
गेला. मी दारातच उभा.
ही वही माझीच आहे, इथे तरी खरं लिहितो. वळणावर झाडाखाली माणसं बसलेली मला दिसली होती. झेंडाही दिसला होता. म्हटलं, असेल कुणाची सभा. ड्रायव्हरला विचारायला तोंड उघडलं होतं, मग मिटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
देशमान्यांकडे गेलो. रात्री उजळणी केलेलं सगळं भाषण तिथे निम्म्यात संपलं. शांतपणे म्हणाले, "भास्करराव, युनियन करत नाहीत हे तुम्हीच सांगितलंत. मी फक्त लक्षात ठेवलं." वर म्हणाले, "दहा जण काढून न्या, माझी ना नाही. मग त्या तिघीही न्या."
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केस माझ्याच डोक्याचा.
मी काही नेलं नाही कुणाला. चहा आला, तोही प्यालो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
आत जाऊन आपल्या माणसांना संपाचं सांगायचंच, असं ठरवून गेलो. भोंगा बंद ठेवलाय. पाळी कधी सुटते ते बाहेर बसलेल्यांना कळू नये म्हणून. नुसता बल्ब पेटतो आणि माझे तेरा जण हात पुसून जेवायला उठतात. ज्या बल्बासाठी मी या माणसाला देव मानलं तो असा कामाला आला.
सुनंदाने हाताने विचारलं, चमकी कुठे? बाकीचे कुठे? सगळी मशीनं रिकामी का?
मी सांगितलं, दिवाळीची सुट्टी. नवे आहेत त्यांना सुट्टी नाही.
तिने लगेच मान डोलावली. माझ्यावर शंका घ्यायचं तिला कारणच नव्हतं. बाकीच्यांनाही तिनेच समजावलं. मी बघत उभा राहिलो.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार
व्हायचं ते झालं. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची कोंडी, टेम्पो अडकला. संपवाल्यांनी ओळखला. शोभाने ताडपत्री वर केली. सुनंदाला चमकी दिसली, ती आनंदाने उडी मारून खाली. शोभाने पाठ फिरवली. सुनंदा वळून तिच्या समोर गेली, शोभाने परत पाठ फिरवली. असं तीनदा. शेवटी दिलीपने कागदावर लिहून दिलं: आमचा संप आहे. तुम्ही आमच्या जागी काम करता.
हे मला दिलीपनेच फोनवर सांगितलं. आवाज मऊ होता. "पोरीनं दोनदा वाचलं रं. मग टेम्पोतल्यांना हातानं सांगितलं. धा मिंटात सगळी तेरा जणं आमच्या मांडवात येऊन बसली."
मी पोचलो तेव्हा खरंच बसले होते. शोभा सुनंदाला डब्यातली भाकरी देत होती. सुनंदाने मला पाहिलं, उठली, आणि सगळ्यांसमोर हाताने तीच दिवाळीची खूण केली. पणती, सुट्टी. माझ्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत.
मूकबधिर माणसांसमोर गप्प बसून सुटका होत नाही. त्यांना चेहरा वाचता येतो. माझा वाचला तिने.

२२ ऑक्टोबर, बुधवार
संप मिटला. दिवाळीच्या आत मिटवायचाच होता दोघांनाही. गेटावर गुलाल, पेढे. कामावर घ्यायच्या लोकांची यादी नोटीस बोर्डावर लावली. वरून खाली वाचली, परत खालून वर वाचली. माझ्या तेरांपैकी एकही नाव नाही. सुनंदा आणि त्या दोघी तर संपाच्या कितीतरी आधीपासूनच्या. त्यांचीही नाहीत.
दिलीपला बाजूला घेतलं. गुलालाने कपाळ भरलेलं. म्हणाला, "मालक म्हणला, त्या तेरांचं नाव काडू नका, बाकी समदं मान्य करतो. काय करणार? माझ्यामागं दीडशे घरं हायत. तुझ्या लोकांचं नंतर बगू."
"ते तुमच्या मांडवात बसले होते, दिलीप."
"बसले व्हते. उपकार हायेत त्यांचे."
पेढा पुढे केला. मी घेतला नाही. हे तरी बरं केलं.
मालकाने हात वर केले, युनियनने हात वर केले. ऐकू येणाऱ्यांची आपसात चांगली तडजोड झाली. आणि मलाही मोजायला हवं, मला ऐकू येतं.
शोभा मात्र रडली. नुसती रडली.

३० ऑक्टोबर, गुरुवार
आप्पा आले. भांडतील म्हणून तयार होऊन बसलो होतो. पिशवीतून चिवडा काढून दिला. "दिवाळीला आला न्हाईत." एवढंच. सुनंदा बाहेर रस्त्यावर उभी, आत यायला तयार नाही. रेखा बोलवायला गेली तर मान हलवली.
आप्पा म्हणाले, "तिचं सर्टिफिकेट मागतीया. तुमच्या फायलीत हाय ते." अपंगत्वाचं प्रमाणपत्र. काढून दिलं. मग म्हणाले, "बाकीच्यांचीबी द्या, ती पोचवंल." तेरा प्रमाणपत्रं दिली. फाईल पातळ झाली.
जाताना दारात थांबले. "गावात पुन्यांदा मुकी म्हणायला लागलेत बगा." मला ऐकवायला म्हणाले नाहीत. सहज म्हणाले. तेच जास्त लागलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
देशमान्यांचा फोन! आवाजात साखर. तीन डिसेंबरला अपंग दिनाचा कार्यक्रम, त्यात अपंगांना रोजगार देणारा उद्योजक म्हणून त्यांचा सत्कार आहे. तेराही जण स्टेजवर हवेत, कंपनीच्या शर्टात. मी दोन शब्द बोलायचे. "त्यानंतर तीन जणांना घेऊ परत. तुम्ही सांगाल त्या तिघांना."
फोन आपटायला हवा होता. आपटला नाही. डोक्यात लगेच नावं सुरू झाली, कुठले तीन. सुनंदा, मग... माझीच किळस आली.
रेखा म्हणाली, "तुम्ही ठरवू नका. ज्यांचं आहे त्यांना विचारा." एकेचाळीस नावांची वही ठेवणाऱ्या माणसाला हे बायकोने सांगावं लागतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
केडगाव. सुनंदाने आत घेतलं. कागदावर सगळं लिहिलं, आधीचंही. युनियन करत नाहीत म्हणून मीच सांगितलं होतं, झेंडा दिसला होता, सुट्टी खोटी होती. लिहिताना पेन दोनदा थांबलं. तिने सावकाश वाचलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं. कागद घडी करून ठेवून दिला, परत दिला नाही.
मग तिने लिहिलं: आम्ही तेरा जाणार. काम तेरांना. नाहीतर स्टेज नाही.
मी लिहिलं, मी बोलतो देशमान्यांशी.
तिने ते खोडलं. खाली लिहिलं: तुम्ही बोलू नका. आम्ही लिहून देऊ. आमची सही.
आप्पा वाकून कागदाकडे बघत होते. त्यांना वाचता येत नाही. म्हणाले, "काय म्हंती?" सांगितलं. ते हसले की काय झालं, नीट कळलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार
कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. साडेतीन वाजलेत.
अकरा वाजता तेराही जण आले. स्वतःच्या कपड्यांत. सुनंदाच्या हातात कागद, खाली तेरा सह्या, दोन अंगठे त्यातच. पुढच्या गेटाने गेले. वॉचमनने अडवलं, तिने कागद दाखवला, तो आत जाऊन आला, गेट उघडलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मला कुणी बोलावलेलं नाही, मी आपणहून आलोय.
एक वाजता दिलीप जेवायला बाहेर आला. माझ्याशेजारी बसला. आत काय चाललंय विचारलं. "साहेबाच्या केबिनीत हायत. काच बंद हाय. ती नुसती लिवतीया, साहेब नुसता बोलतोय." मग म्हणाला, आमची कमिटी पण बसणार म्हणते त्यांच्याबरोबर, बघू. त्याचं हे 'बघू' मी आधीही ऐकलंय. तो उठला, आत गेला.
अजून कुणी बाहेर आलेलं नाही.
आत्ताच वॉचमन चहाला आला. नवा आहे, मला ओळखत नाही. कॅलिपरकडे बघितलं, गेटाकडे बघितलं. "तुमी त्यांच्यातलेच ना? मग भाईर का बसलाव?"
हो म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं, नाही, मला ऐकू येतं.