आकी सारकिमच्या हातची मूठ

३ मार्च
बांडुंगहून कोस्वारा आला. जुन्या शस्त्रांचा व्यापारी – जुनी होतील तशी विकतो! तलवारीचं पातं ठेवून गेला. मूठ मी कोरायची. म्हशीचं शिंग, वाघाचं तोंड. ‘आणि आकी सारकिमच्या हातची वाटली पाहिजे.’ सारकिम म्हणजे माझ्या वडलांचे, अबाहांचे, मूठ कोरण्यातले उस्ताद. वारून चाळीस वर्षं झाली, तरी त्यांचं नवनवीन काम बाजारात येतच असतं. कष्टाळू माणूस!

५ मार्च
अबाह ओसरीवरून: ‘नेंग, तुझ्या मुठी भाताच्या पळीला लाव. तलवारीची अब्रू राहू दे.’
वडलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लेकीच्या चुका तेवढ्या लख्ख दिसतात.

९ मार्च
झाली. चुलीवर धुरात टांगलीय. चार-पाच दिवसांत शंभर वर्षांची होईल. या चुलीपुढे मीही तशीच झाले, पण मला कोण घेतंय!

१४ मार्च
खोडी काढावी म्हणून मूठ अबाहांच्या हातात दिली. ‘कोस्वाराकडची आहे, जुनी.’ अंगठा जबड्यावरून फिरला, कानापाशी थांबला. आणि रडायलाच लागले! ‘सारकिमची! असा हात आता होणे नाही.’
वीस वर्षं कोरतेय. पहिली शाबासकी मिळाली, तीही मेलेल्या माणसाला. खोलीत जाऊन मीही रडले. रागाने.

१५ मार्च
कोस्वारा येऊन गेला. परवा गिऱ्हाईक आणतोय. ‘अबाह, त्यांच्यासमोर एवढंच सांगा, सारकिमची आहे म्हणून. सगळ्या चिविदेय गावात तुमच्या शब्दाला मान आहे.’
‘सांगेन की! खरं बोलायला काय जातंय?’
खरं म्हणे! या माणसाने जन्मात कधी कच्च्या लोखंडाला पक्कं म्हटलं नाही. आता माझ्यापायी चारचौघांत खोटं बोलणार. सांगावं तर माझी शाबासकी जाते. न सांगावं तर त्यांचा शब्द. जेवायला ओंचोम तळलं होतं, तसंच राहिलं.

१६ मार्च
सांगून टाकलं. ‘अबाह, ती मूठ मी कोरलीय. धुरात टांगून जुनी केलीय.’
पुन्हा अंगठा फिरवला. बराच वेळ. ‘मग उद्या नाव तुझं सांगतो.’
म्हटलं, सारकिमचं नाव नसेल तर कोण घेईल?
‘कसला सारकिम! त्याचा हात थरथरायला लागल्यापासून त्याच्या नावावर विकली गेलेली एकूण एक मूठ माझी. मला वाटलं, त्यातलीच एक घरी आली.’