पुलावरची तुकडी आणि माझा हात

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी फिरायला सोडते का, की अजून गॅलरीतच येरझाऱ्या? इकडे मी बरी आहे, म्हणजे जेवते. (एवढं लिहीपर्यंत चारदा उठून टीमच्या स्क्रीनमध्ये डोकावून आले.)

आम्ही लढाईचा कॉम्प्युटर गेम बनवतोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शुक्रवारी दहा अनोळखी माणसं तो खेळून बघणार. त्यांनी कंटाळून माऊस खाली ठेवला, की गेम बंद आणि आमची तिघांची टीमही मोडली. घोडं अडलं होतं सैनिकांपाशी. आधी ते इतके आज्ञाधारक होते, की शेजारचा तंबू पेटला तरी हुकूम येईपर्यंत ढिम्म हलेनात. म्हणून मी त्यांना थोडी अक्कल दिली, तर पूल राखायला ठेवलेली अख्खी तुकडी एका पळपुट्याच्या मागे डोंगरापलीकडे गेली! मग मी त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायला लावली. ढाल उचलू का, आता खाली ठेवू का. आमचा चित्रकार खेळता खेळता वैतागून उठूनच गेला.

खरं सांगू का मामा, टीमचंही मी तेच करून ठेवलंय. चित्रकार रंग निवडण्याआधी माझ्या तोंडाकडे बघतो. प्रोग्रामरने तर परवा विचारलं, खिडकी लावू का? (पाऊस थेट त्याच्या कीबोर्डवर पडत होता.) मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दाढ काढायला गेले. तोंडात बोळा, त्यामुळे फोनवरून सूचना बंद. परत येऊन बघते तर काय, दोघांनी तुमचाच नियम बसवलेला! बस डेपोत तुम्ही ड्रायव्हरांना सांगायचात ना, रस्ता मी ठरवीन, खड्डे तुम्ही चुकवा. तो मीच त्यांना कधीतरी जेवताना सांगितला होता. आता खेळाडूने पूल दाखवला की सैनिक तिथे आपापले लढतात, पण दहा पावलांपलीकडे जात नाहीत. पहिल्यांदाच मी पूर्ण डाव खेळले आणि चक्क रडू आलं. शाबासकी द्यायची सोडून मी दहाची बारा पावलं केली. पूल गेला.

तुमची,
भाची

ता. क. बाराची पुन्हा दहा केली आहेत. दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

आणखी एक. खरं काम हे, की शुक्रवारी या आणि दिवसभर मला कँटीनमध्ये धरून बसा. मी त्यांच्या वाटेला गेले नाही तरच निभावेल, आणि ते मला एकटीला जमायचं नाही.

शेवटचं. साडेआठची बस धरा, उजवीकडची सीट घ्या, चौकात उतरून... जाऊ दे. तुम्हाला हवं तसं या. (पण दहाच्या आत.)